गरीब, पण प्रामाणिक

आमच्या ऑफिसात 'बट' या शब्दावर बंदी आली ती दुपारच्या जेवणानंतर. पोटात डबा, डोळ्यांवर झापड, एसी नेमका बंद आणि समोर टाय बांधलेले एक प्रशिक्षक. आम्ही विमा कंपनीच्या ग्राहक विभागातली माणसं. दिवसभर लोकांना नाही म्हणण्याचा आम्हाला पगार मिळतो. ते 'नाही' हसतमुखानं कसं म्हणावं हे शिकवायला या गृहस्थांना मुंबईहून मागवलं होतं. त्यांनी पडद्यावर लाल अक्षरांत 'बट' आणला, त्यावर भलीमोठी फुली मारली आणि म्हणाले, "बट इज अ व्हर्बल इरेजर!" म्हणजे बोलण्यातला खोडरबर. 'बट'च्या आधी तुम्ही कितीही गोड बोला, ते पुसलं जातं. ऐकणारा फक्त 'बट' कधी येतो याचीच वाट बघत असतो.

मला हे तत्काळ पटलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी माझ्याविषयी दिलेलं मत "मुलगा तसा बरा आहे, पण..." एवढंच माझ्या कानावर आलं होतं. 'पण'च्या पुढचा मजकूर बायको मला गेली कित्येक वर्षं सवडीनं, हप्त्याहप्त्यानं सांगते आहे. पॉलिसी अजून मॅच्युअर झालेली नाही.

"मग सर, 'बट'च्या जागी म्हणायचं काय?" मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"अँड!" प्रशिक्षक दोन्ही हात पसरून म्हणाले. "ऐका. 'तुमचा क्लेम आम्ही काळजीपूर्वक वाचला, अँड तो नामंजूर झाला आहे.' किती पॉझिटिव्ह वाटतं बघा!"

वाटलं खरं. नामंजूर झाल्याचे पेढेच वाटावेत असं वाटलं.

नवी विद्या घरी वापरून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. रात्री जेवताना पहिला घास घेतला आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणालो, "आमटी झकास झालीये आणि तिच्यात मीठ नाहीये."

बायकोचा डाव हवेतच थांबला. "म्हणजे मीठ नाही म्हणून झकास झालीये?"

"छे. दोन्ही स्वतंत्र गोष्टी आहेत. झकास आहे. आणि मीठ नाही."

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय म्हणून कमी घातलंय."

"बरोबर केलंस आणि मला ते आवडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी डब्यात जी आमटी आली ती कोकणच्या किनाऱ्यावर थेट भरून आणलेली असावी. एवढ्यावर भागलं असतं. चिरंजीव शेजारी बसून सगळं ऐकत होते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चाचणीचा पेपर माझ्यापुढे सरकवत ते तितक्याच प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "बाबा, मी खूप अभ्यास केला होता आणि मला वीसपैकी सहा मिळालेत." यावर ओरडावं कुठून, ते मला सुचेना. वाक्यात कुठे खाचच नव्हती.

वास्तविक 'बट'शी आमच्या पिढीचे संबंध फार जुने. आम्ही मराठी शाळेतले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या वेळी एबीसीडीचं दर्शन व्हायचं ते पाचवीत. पाचवीत 'धिस इज अ कॅट' आणि दहावीत एकदम 'डू ॲज डायरेक्टेड'. नावातच हुकूमशाही. विचारू नका, सांगितलंय तसं करा. 'टू' काढा. 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर' घाला. आणि दरवर्षी, न चुकता, 'दो' वापरून वाक्य पुन्हा लिहा. ते वाक्यही ठरलेलं: 'ही इज पुअर बट ऑनेस्ट.'

हा गरीब पण प्रामाणिक गृहस्थ आमच्या शालेय जीवनातला सर्वांत छळलेला माणूस. आधी तो 'बट' लावून गरीब होता. मग 'दो ही इज पुअर' झाला. मग 'इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी' झाला. हुशार मुलांनी त्याला 'नेव्हरदलेस'पर्यंत नेला, आणि गाइडवाल्यांनी 'नॉटविदस्टँडिंग हिज पॉव्हर्टी' करून पार कोर्टात उभा केला. एवढी रूपांतरं झाली आणि बिचाऱ्याच्या खिशात एक दमडी पडली नाही. दुसरीकडे त्याच्या प्रामाणिकपणावर पिढ्यान्‌पिढ्या मार्क कमावले गेले.

वर्गात एक मुलगा होता, त्याला नको तिथे विचार करायची सवय. त्यानं हात वर केला. "सर, तो प्रामाणिक आहे म्हणूनच गरीब राहिला असेल, तर? 'बिकॉज' वापरून केलं तर चालेल का?"

सर खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प राहिले. त्या महिन्यात त्यांचा पगार झाला नव्हता, अशी आमच्यात बोलवा होती. मग म्हणाले, "ते समाजशास्त्रात येतं. इथे 'दो' वापर."

'ही इज रिच बट ऑनेस्ट' असं वाक्य मात्र कुठल्याच बोर्डानं कधी विचारलं नाही. आउट ऑफ सिलॅबस असणार.

त्या काळी व्याकरणातली शेवटची पायरी म्हणजे रेन आणि मार्टिन. 'व्रेन' म्हणणारा पाचवीतला आणि 'रेन' म्हणणारा दहावीतला, इतका साधा हिशेब. पुढे कळलं की हे पी. सी. रेन इथल्याच, म्हणजे मुंबई इलाख्याच्या, शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि व्याकरणापेक्षा त्यांचं नाव साहसकथांसाठी जास्त होतं. 'बो जेस्ट' ही त्यांची १९२४ सालची कादंबरी जगभर खपली, १९३९ मध्ये तिच्यावर गॅरी कूपरचा सिनेमाही आला. कथा अशी, की बड्या घरातला मौल्यवान नीलमणी चोरीला जातो आणि त्या घरात वाढलेले तिघे भाऊ एकामागून एक पळून फ्रान्सच्या परकीय फौजेत भरती होतात. म्हणजे बघा, आम्ही इकडे गरिबाचा प्रामाणिकपणा 'दो'नं बांधून 'बट'नं ठोकत होतो आणि व्याकरणकार तिकडे निवांतपणे वाड्यातली चोरी लिहीत होते.

आमची खरी पंचाईत वेगळीच होती. मराठीत 'जरी' एकटं हिंडत नाही. 'जरी' आलं की मागून 'तरी' आलंच पाहिजे. तो गरीब असला तरी, किंवा जरी गरीब असला तरी. त्यामुळे आम्ही इंग्रजीतही 'दो'ला सोबत द्यायचो: 'दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.' त्या 'बट'वर लाल शाईची चक्री यायची आणि अर्धा मार्क जायचा. इंग्रजांत विरोध एकट्यानं करतात, हे आमच्या संस्कारांत बसत नव्हतं. आमच्याकडे साधं भांडायला जायचं तरी शेजारचा कुणीतरी बरोबर घेतात.

इकडे मराठीच्या तासाला तरी सुख होतं म्हणता? पण, परंतु, परी, किंतु, बाकी या मंडळींचं आडनाव होतं 'न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय'. पहिल्या वाक्यात काहीतरी उणं आहे असं दुसऱ्या वाक्यानं सुचवायचं. व्याकरणाच्या पुस्तकातली ही एकच व्याख्या मला आयुष्यात उपयोगी पडली. माझ्या ओळखीतले निम्मे नातेवाईक न्यूनत्वबोधक आहेत. घर घेतलं म्हणून पेढे द्यायला जावं, तर "वा! छान! बाकी पश्चिमेची बाजू म्हणजे ऊन फार येत असेल, नाही?" यातलं 'बाकी' ऐकलंत? दिसायला किती निरुपद्रवी!

न्यूनत्वबोधकाचा शुद्ध नमुना बघायचा असेल तर लग्नाच्या जाहिराती वाचाव्यात. आमच्या भाचीसाठी स्थळं बघत होतो तेव्हा मी इंग्रजी रकानाही चाळायला लागलो. 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड बट होमली' मुलगी हवी होती. 'वर्किंग येट ट्रॅडिशनल' हवी होती. 'मॉडर्न आउटलुक, हाउएव्हर, रिस्पेक्ट्स एल्डर्स' अशीही एकांना हवी होती; या गृहस्थांनी जाहिरातीत 'हाउएव्हर'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले होते, त्यावरून ते रिटायर्ड हेडमास्तर असावेत. गंमत अशी, की मुलगी कशी हवी हे त्यातून फारसं कळत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलींना पोळ्या येत नाहीत, नोकरी करणाऱ्या मुली हळदीकुंकू करत नाहीत आणि नव्या विचारांचे लोक थोरांना लाथा घालतात, असं या मंडळींचं आधीपासून ठाम मत आहे, एवढं मात्र त्या 'बट', 'येट' आणि 'हाउएव्हर'नी परस्पर सांगून टाकलं. भाचीनं एका मुलाला तोंडावर विचारलं, "तुमच्या बायोडेटात 'इंजिनिअर बट क्रिएटिव्ह' लिहिलंय. हे 'बट' कशासाठी?" तो खराच इंजिनिअर निघाला. त्यानं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून नवा बायोडेटा पाठवला. त्यात 'इंजिनिअर, दो क्रिएटिव्ह' असं होतं.

या 'दो'वरून आत्याची आठवण झाली. आत्या साताऱ्याला असते. तिचं इंग्रजी बेताचं, हिंदी मात्र मालिकांमुळे फर्डं. न्यू जर्सीचा चुलतभाऊ सहकुटुंब आला होता, त्याचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा जेवायला बसला. तिकडच्या मुलांना वाक्याच्या शेवटी 'दो' चिकटवायची खोड असते. आपण 'दो' पुढे लावून परीक्षा दिली, ते मागे लावून गप्पा मारतात. मुलानं तूप घातलेली पुरणपोळी कशीबशी संपवली, पोटावर हात ठेवला आणि सभ्यपणे म्हणाला, "आय ॲम फुल. इट वॉज गुड, दो."

आत्यानं टुणकन उठून दोन पोळ्या वाढल्या.

मुलगा बापाकडे बघायला लागला. बाप फोनवर. मुलानं घाबरून आणखी अर्धी खाल्ली आणि हात जोडून म्हणाला, "आय कान्ट. आय लव्ह इट, दो!"

"बघा, पोरगं अमेरिकेत राहून मागून खातंय," आत्या डोळे पुसत म्हणाली आणि आणखी दोन वाढल्या. त्या रात्री त्याला ओवा द्यावा लागला. 'नेव्हरदलेस' म्हणाला असता तर वाचला असता.

याच आत्यानं दिवाळीला चकल्यांचे डबे परदेशी पाठवले, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महायुद्ध झालं. लंडनच्या मावसबहिणीनं लिहिलं की या वर्षीची चकली गेल्या वर्षीपेक्षा वेगळी आहे, आणि ते इंग्रजीत लिहिताना 'डिफरंट टू' लिहिलं. न्यू जर्सीच्या भावानं खाली दुरुस्ती केली: 'डिफरंट दॅन'. तिनं विचारलं, तुला इंग्रजी कुठल्या काउबॉयनं शिकवलं? त्यानं तिला राणीची पणती म्हटलं. मी मराठी शाळेच्या जोरावर 'डिफरंट फ्रॉम' लिहिलं. हे रूप लंडनलाही चालतं आणि न्यू जर्सीलाही. त्यामुळे दोघंही माझ्यावर उलटले. दोन देशांतला वाद मिटवायला गेलेल्याचं जे होतं ते झालं. पुढे शब्दकोशातले फोटो आले, मग कोणाच्या मुलांना मराठी येत नाही हा विषय निघाला, मग १९९८ सालच्या एका मुंजीतला मानपान निघाला. सगळं शांत झाल्यावर शेवटी आत्याचा निरोप आला. मराठीत होता.

"वेगळी म्हणजे वाईट झालीये का?"

त्यावर तिघांपैकी एकानंही उत्तर दिलं नाही. हात जोडलेली चित्रं तेवढी आली.

'डिफरंट'चा एक अवतार साडीच्या दुकानात असतो, त्याचा व्याकरणाशी संबंध नाही. "जरा डिफरंट दाखवा ना," असं म्हटलं की गादीवर बसलेला माणूस मागच्या फळीवरून एक गठ्ठा फेकतो. "हे घ्या ताई, एकदम डिफरंट." तो गठ्ठा आधीच्या गठ्ठ्याहून कशानं वेगळा, हे ओळखायला पुरुषाच्या डोळ्यात लागणारा भाग निसर्गानं बसवलेला नाही. "दोन्ही सारख्याच तर आहेत," असं मी एकदा म्हणालो. दुकानातल्या सगळ्या बायका एकदम वळल्या. एकीचे काठ बुट्टीचे आणि दुसरीचे रुईफुलाचे होते म्हणे. शेवटी बायकोनं घेतली ती पहिलीच साडी. शेजारणीकडे तशीच आहे हे घरी आल्यावर कळलं. "तशी नाहीये. सेम टू सेम वाटते, पण डिफरंट आहे," असा खुलासा झाला आणि मी गप्प बसलो.

ऑफिसात गप्प बसून चालत नाही. तिथे प्रत्येक 'नाही'ला हुद्द्याप्रमाणे वेगळा शब्द आहे. शिपाई तोंडावर 'पण' म्हणतो. कारकून 'बट' लिहितो. अधिकारी झालं की 'हाउएव्हर' मिळतं. मॅनेजरला 'दॅट बीइंग सेड' म्हणायची मुभा असते. आमच्या साहेबांना नुकतं प्रमोशन मिळालं, तेव्हापासून ते 'ऑलबीट' लिहायला लागलेत. त्याचा उच्चार काय यावर विभागात तीन तट आहेत: अल्बेट, अल्बाईट आणि आलू-बीट. खरा उच्चार 'ऑल-बी-इट' असा सुटा सुटा आहे, हे मी शब्दकोशात बघून ठेवलंय. सांगितलं मात्र नाही. माझं अप्रेझल व्हायचं होतं.

ते झालं. साहेबांनी समोर बसवून कागद वाचला. "सिन्सिअर. पंक्च्युअल. एक्सलंट नॉलेज ऑफ प्रॉडक्ट्स. कोऑपरेटिव्ह विथ कलीग्ज." माझी छाती फुगत होती, इतक्यात कागदावर दोन ओळी खाली मला 'हाउएव्हर' दिसला. उलटा होता, तरी ओळखला. माणूस आपला न्यूनत्वबोधक उलटासुद्धा ओळखतो. साहेबांनी पाणी प्यायलं, घसा साफ केला. त्यांनाही वाईट वाटत असावं. पगारवाढ मिळाली, ऑलबीट साडेतीन टक्के.

प्रशिक्षक येऊन गेल्यावर तर आमच्या पत्रांची दशा विचारू नका. एका बाईंचे यजमान वारले होते, त्यांचा विम्याचा दावा मंजूर झाला होता. एकाच पत्रात दुःखही व्यक्त करायचं आणि मंजुरीही कळवायची. विभागातल्या नव्या मुलानं मसुदा केला: 'आपल्या यजमानांच्या निधनाचे वृत्त समजले. ऑन द अदर हँड, आपला क्लेम मंजूर झाला आहे.' मी तो वाचून हादरलो. बाईंच्या एका हाती नवरा आणि दुसऱ्या हाती पैसे, असा तराजू डोळ्यांपुढे उभा राहिला. मी अनुभवी हातानं तिथे 'नेव्हरदलेस' घातलं. मग वाचून बघितलं. यजमान गेले, असो, आपलं काम झालं, असा त्याचा सूर आला. माझ्या शेजारच्या टेबलानं 'फॉर्च्युनेटली' सुचवलं, ते आम्ही ऐकलंच नाही असं केलं. साहेबांकडे गेलो. त्यांनी पेन काढलं, 'डिस्पाइट' लिहिलं, मग पुढे 'ऑफ' लिहिलं, मग 'ऑफ' खोडलं, मग 'डिस्पाइट'ही खोडलं. संध्याकाळी सहाला सगळे घरी जायच्या घाईत असताना प्रशिक्षकांचं स्मरण करून 'अँड' टाकला आणि पत्र रवाना केलं.

बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. "तुमचं पत्र मिळालं. छान लिहिलंय हो. पण पैसे कुठे आहेत?"

बँकेत अजून जायचे होते.

या 'ऑन द अदर हँड'नं मोठमोठ्यांना छळलंय. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचा किस्सा सांगतात, की मला एक हात असलेला अर्थतज्ज्ञ आणून द्या, असं ते वैतागून म्हणाले. का, तर प्रत्येक सल्लागार एका हातानं सल्ला द्यायचा आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचा. ट्रुमनना आमच्या वृत्तवाहिन्या बघायला मिळाल्या नाहीत हे त्यांचं नशीब. आमच्याकडे तोच हात मराठी होऊन 'तर दुसरीकडे' या नावानं रोज संध्याकाळी पडद्यावर येतो. 'एकीकडे राज्यात उकाडा वाढलाय, तर दुसरीकडे एका अभिनेत्रीनं साखरपुडा केलाय.' यात एकीकडचा दुसरीकडशी काय संबंध, असं विचारायचं नाही. निवेदिकेला श्वास घ्यायला जागा लागते.

हे सगळे तरी पोरखेळातले शब्द. त्या खानदानातला खरा पैलवान म्हणजे 'नॉटविदस्टँडिंग'. तो बोलण्यात येत नाही. विम्याच्या कागदांत, करारांत आणि कायद्यात दबा धरून बसतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर तुम्हाला सगळं मिळतं. आतल्या कुठल्याशा पानावर बारीक अक्षरात 'नॉटविदस्टँडिंग' आला की पहिलं पान चहाचे कप ठेवायला वापरावं. कायद्याच्या मराठीत त्याला 'काहीही असले तरी' म्हणतात, आणि हे भाषांतर मला मुळाहून आवडतं. त्यात एक घरगुती दरारा आहे. वडील म्हणायचे ना, "ते काही असलं तरी सातच्या आत घरात"? तेच हे.

आपल्या राज्यघटनेच्या ३७१व्या अनुच्छेदात तो खास महाराष्ट्र आणि गुजरातसाठी उभा केलेला आहे. या संविधानात काहीही असले तरी, राष्ट्रपतींना आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येईल. कशाची, तर विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र' यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळं नेमण्याची. एका पुणेकर मित्राला मी हे कौतुकानं वाचून दाखवलं. तो कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिला. "यात पुणे कुठंय?"

"उर्वरितात."

त्याला पाणी द्यावं लागलं. इतिहासात पुण्याचे बरेच अपमान झाले असतील, पण उर्वरित म्हणायची छाती दिल्लीच्या तख्तालाही झाली नव्हती. अमरावतीच्या साडूनं मात्र तो अनुच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

नॉटविदस्टँडिंगचा धाकटा भाऊ 'प्रोव्हायडेड दॅट'. कायद्यानं एखादी गोष्ट देऊन टाकली आणि नंतर देणाऱ्याला पस्तावल्यासारखं झालं, की खाली 'परंतु' लिहून थोडी परत घेतात. तरी समाधान झालं नाही तर 'परंतु आणखी असे की' येतं. या प्रकाराला कायद्याच्या मराठीत 'परंतुक' म्हणतात. किती लडिवाळ शब्द! बाळाचं टोपणनाव वाटावं. हा शब्द मला शिकवला आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींनी. काका सरकारी खात्यात आयुष्यभर मसुदे करून निवृत्त झाले आणि आता ती सगळी शक्ती पार्किंगच्या सूचनाफलकावर खर्च होते. सोसायटीतल्या तरुणांना वाटतं की काका चिडलेत. ते चिडलेले नसतात, मसुदा करत असतात.

काका जेव्हा 'व्हेअरॅज' लिहितात तेव्हा त्याचा अर्थ 'याउलट' नसतो. तो करारातला 'व्हेअरॅज', म्हणजे 'ज्याअर्थी'. आमच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा पहिल्यांदा ती इंग्रजी नोटीस वाचून मला विचारत आला, "अंकल, प्रत्येक पॅरा 'व्हेअरॅज'नं सुरू होतो. याउलट, याउलट, याउलट. पण सुलट कुठंय?" मी त्याला खाली सही शोधायला सांगितलं.

गेल्या महिन्यात पाहुण्यांच्या गाड्यांवरून आवारात बाचाबाची झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टशेजारी मराठीत नोटीस लागली. अख्खी बिल्डिंग दूध आणायच्या पिशव्या हातात घेऊन वाचत उभी होती.

'ज्याअर्थी संस्थेच्या आवारात पाहुण्यांच्या गाड्या वाटेल तशा उभ्या करण्यात येतात. आणि ज्याअर्थी काल अशा एका गाडीमुळे पाण्याचा टँकर आत येऊ शकला नाही. त्याअर्थी आता, संस्थेच्या उपविधींमध्ये काहीही असले तरी, पाहुण्यांच्या गाड्यांना आवारात प्रवेश बंद करण्यात येत आहे. परंतु, आजारी व्यक्तीस ने-आण करणारी गाडी दहा मिनिटे उभी करता येईल. परंतु आणखी असे की, सेक्रेटरी यांचे जावई हे या नोटिशीच्या प्रयोजनार्थ पाहुणे असल्याचे मानण्यात येणार नाही.'

टँकर अडवणारी गाडी जावयांचीच होती, हे बिल्डिंगमधल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. कोणी काही बोललं नाही. समोर काका उभे होते, आणि त्यांच्या हातात आणखी कोरे कागद होते.

दुपारी कोणीतरी नोटिशीच्या खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं: 'पण का?'

संध्याकाळी शेजारी दुसरी नोटीस लागली होती. 'उपरोक्त नोटिशीखाली पेन्सिलीने काहीही लिहिलेले असले तरी, ती अंमलात राहील.'